रुखवतातलं क्रोशाकाम

आपल्यापैकी अनेकींच्या घरी क्रोशाचं एखादं तोरण किंवा रुमाल असेलच. माझ्या आईनं लग्नाआधी रुखवतासाठी विणलेलं तोरण पुढे आयुष्यभर ट्रंकेत राहिलं. सणावाराला ते बाहेर निघायचं. आम्ही बहिणी जवळ गेलो की एकच वाक्य ऐकू यायचं, "हात लावू नका, मळेल."

तोशिको होरिउची मॅकॲडम या जपानी कलाकाराविषयी वाचताना मला हे वाक्य आठवलं. त्यांचा जन्म १९४०चा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या धाग्यांनी विणलेली मोठमोठी लोंबती शिल्पं कलादालनांत मांडत. अशाच एका प्रदर्शनात दोन मुलं आली, विणलेल्या झोळ्यांवर चढू का म्हणून त्यांनी विचारलं आणि चढलीसुद्धा. तोशिको धास्तावल्या. पण मुलांच्या वजनानं ते विणकाम ताणलं, हललं, त्यात जीव आला. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी टोकियोतल्या बागांत जाऊन मुलं कुठे आणि कशी खेळतात हे पाहायचा नाद त्यांनी लावून घेतला.

त्यातून जे उभं राहिलं ते अजब आहे. १९७९ साली ओकिनावाच्या उद्यानात आणि १९८१ साली हाकोनेच्या खुल्या संग्रहालयात त्यांनी हातानं विणलेल्या प्रचंड रंगीत जाळ्या टांगल्या. २००० साली साप्पोरोजवळच्या ताकिनो उद्यानात केलेल्या जाळीच्या घुमटाला 'इंद्रधनुष्याचं घरटं' असं नाव मिळालं. २००९ साली हाकोनेलाच नवी रचना झाली, तिचं नाव जाळ्यांचं जंगल. भोवतीचा लाकडी मंडप तेझुका वास्तुशिल्पींचा, त्यात धातूचा एकही भाग नाही. आतली जाळी तोशिकोंची. मुलं तिच्यात शिरतात, लोळतात, खाली लोंबणाऱ्या गोळ्यांना लटकून झोके घेतात. मोठी माणसं बाहेर बसून बघतात.

घरटं, जंगल, झाडाची फांदी. लहानपणी आपल्याला जिथे जिथे चढायचं होतं ते सगळं या बाईंनी क्रोशाच्या टाक्यात आणलं. आता यावर कुणी म्हणेल, "शेवटी आईचंच हृदय!" माझी हरकत नेमकी इथे आहे. एवढ्या मुलांचं वजन आणि उड्या पेलणारी जाळी मायेनं तयार होत नाही. आधी बारीक सुताची छोटी प्रतिकृती विणायची, ताण कुठे येईल ते पाहायचं, इंजिनिअरबरोबर बसायचं, मग मोठं विणकाम. पुरुषानं पूल बांधला की त्याची बुद्धी दिसते, बाईनं जाळी विणली की तिचं मन दिसतं. ही वाटणी आपण किती दिवस चालवून घेणार?

या जाळीचा आणखी एक गुण मला माझ्या कामामुळे दिसतो. मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या बागेत एक घसरगुंडी आणि दोन झोके आहेत. झोका एका वेळी एकाचाच, म्हणजे जो धक्का देईल त्याचा. नऊ-दहा वर्षांच्या मुली कडेवर भाऊ घेऊन कुंपणाशी उभ्या असतात. नंबर लावायला हात मोकळे कुठे आहेत? जाळीत नंबर लागत नाही. एकानं उडी मारली की बाकीचे सगळे हलतात. कडेवरचं पोरही शेजारी ठेवता येतं. आपल्याकडे नागपंचमीला मुली-बायकांचे झोके झाडाला बांधले जात. वस्तीत झाडही नाही आणि झोक्याचा तो हक्काचा दिवसही नाही.

आमच्या बचत गटातल्या बायका टीव्हीवरचे रुमाल विणून प्रदर्शनात विकतात, आणि गिऱ्हाईक त्यातही पाच रुपये कमी करून मागतं. त्यांना मी हाकोनेचे फोटो दाखवले. एक आजी म्हणाल्या, "टाका तर आपलाच आहे की गं." मग बालवाडीसाठी छोटी जाळी करायचं ठरलं. स्थापत्यशास्त्राच्या एका ओळखीच्या शिक्षिकेनं हुकाची आणि दोरीची ताकद तपासून द्यायचं कबूल केलं. आम्ही अर्ज केला. कार्यालयातले साहेब बुचकळ्यात पडले. विणकाम महिलांच्या खात्यातलं, खेळाचं साहित्य बागेच्या खात्यातलं, मग हे कोणाच्या खात्यात लिहायचं? महिनाभर फाइल फिरली. अखेर नायलॉनची दोरी मंजूर झाली, हूक मंजूर झाले, गवंड्याची मजुरीही मंजूर झाली. विणणाऱ्या बायकांच्या मजुरीपुढे मात्र शेरा आला, 'श्रमदान'.

वाईट याचं वाटलं की आमच्यातल्याच दोघी म्हणाल्या, "आपल्याच पोरांचं काम, त्याचे कसले पैसे घ्यायचे?" त्यावर बैठकीत दोन तास वाद झाला. पोरं गवंड्याचीही आहेत, असं शेवटी त्या आजीच बोलल्या.

अर्ज आम्ही परत पाठवला आहे. मजुरी तासावर लावली आहे आणि दर गवंड्याचाच मागितला आहे. तोवर एक हातभर नमुना विणून बालवाडीच्या दाराला बांधलाय. पहिल्या दिवशी मुलं यायच्या आधीच आजींनी त्यात पाय घालून पाहिला.