रेडियम आहे, दिवा कुठाय?

मी दुधाचा टँकर चालवतो. डिसेंबरात पहाटे चारला वारणाकाठचा रस्ता धुक्यात बुडालेला असतो आणि त्यातच उसाच्या ट्रॉल्या. मागं रेडियमची पट्टी चिकटवली की झालं काम, असं ट्रॅक्टरवाल्यांना वाटतं.

पण पट्टीला स्वतःचा उजेड नसतो. माझ्याच दिव्याचा उजेड ती माझ्याकडं परत पाठवते. म्हणजे तो जाताना धुक्यात विरतो आणि येताना पुन्हा विरतो. अप्पर मारला तर धुकंच पांढरी भिंत होऊन डोळ्यांवर येतं, पट्टी त्यामागं गडप. म्हणून मी डिपरवरच चालतो. ट्रॉलीच्या लाल दिव्याला मात्र धुकं एकदाच पार करायचं असतं. चिखलानं माखलेल्या पट्टीबद्दल तर बोलायलाच नको.

गेल्या हंगामात एका वळणावर एक ट्रॉली मला दहा पावलांवर दिसली. ब्रेक लागला म्हणून वाचलो. क्लीनर पोरगं त्या वळणावर अजून हात जोडतं.

दादांनो, पट्टी राहू द्या, रोज फडक्यानं पुसा. पण मागं एक पेटता लाल दिवा लावा. बॅटरी तुमच्या ट्रॅक्टरातच आहे. बैलगाडीवाल्यांनी निदान एक विजेरी टांगावी.