तक्रार की जीवदया?

काही वर्षांपूर्वी लेकीकडे सिएटलला असताना ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात डोंगर चढायला गेलो. एक रानटी डोंगरशेळी आमच्या मागेच लागली. अशी धीट शेळी दिसली की रेंजरला कळवायचं असतं. लेक म्हणाली, "नको गं आई, मुक्या जिवाला उगाच मारतील." मला नाही पटलं. २०१० मध्ये तिथेच एका बोकडाने शिंग खुपसून वाटसरूचा जीव घेतला. त्याच दिवशी बोकडालाही गोळी घातली. शेळ्या येतात मिठासाठी, घामेजलेले पट्टे नि वाटेवरची लघवी चाटायला. वेळेत कळलं, तर हुसकावून त्यांना माणसाचा धाक बसवता येतो. गप्प राहून कोण वाचतं? मी कळवलंच. आणि हो, लघवीला वाटेपासून लांब जा, लाजू नका!