द्वारपालाशी कोण बोलणार?

बारावीचे निकाल लागले की गावोगावी पेढे वाटले जातात, सत्काराचे फलक झळकतात. त्याच दिवसांत काही घरांत मात्र चांगली गुणपत्रिका हाती असूनही चिंतेचे सावट असते. मुलगा गणितात हुशार आहे, पण अनोळखी खिडकीपुढे उभे राहून चार वाक्ये बोलणे त्याला जमत नाही. गर्दीने, गोंगाटाने तो बावरतो. तो स्वमग्न आहे. उपचार आणि विशेष शिकवण्यांपायी आईवडिलांची पुंजी आधीच सरलेली असते. महाविद्यालयाचा खर्च पेलायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे.

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेला स्थानच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. परंतु उच्च शिक्षणातील राखीव जागांचा हक्क दिला तो २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने. सातऐवजी २१ प्रकार मान्य झाले आणि शासकीय व अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या गेल्या. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, तर राज्याची महाडीबीटीवर आहे. तंत्रशिक्षणाची पदवी वा पदविका घेणाऱ्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची 'सक्षम' शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार रुपये देते. तिची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे.

मग अडते कुठे? पहिली अडचण घरातच आहे. 'प्रमाणपत्र घेतले तर मुलावर शिक्का बसेल, बहिणीचे लग्न जमणार नाही,' या भयाने सुशिक्षित कुटुंबेही निदान दडवून ठेवतात. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावर आधारित यूडीआयडी ओळखपत्र नसेल, तर यांपैकी एकही दार उघडत नाही. बारावीनंतर धावपळ करण्यापेक्षा दहावीतच हे काम उरकावे. उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते हेही वेळेत तयार हवे. अर्ज भरून काम संपत नाही; महाविद्यालयाने त्याची पडताळणी केली की नाही, हे पाहावे लागते आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

दुसरी अडचण शासनाची आहे आणि शासन आपल्या विचारांचे असले तरी ती सांगितलीच पाहिजे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला वार्षिक २.५ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा घातली गेली. म्हणजे महिन्याला एकवीस हजारांहून कमी. साधा कारकूनही या मर्यादेबाहेर जातो. उपचारांवरचा खर्च वजा करून उत्पन्न मोजावे, ही मागणी कोणत्याही दृष्टीने अवाजवी नाही. अंत्योदयाचा मंत्र देणाऱ्या दीनदयाळजींचे नाव घेणाऱ्यांनी तरी ती मनावर घ्यावी.

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. जनकाच्या यज्ञमंडपाशी द्वारपालाने त्याला अडवले. आत जाऊन बंदीला वादात जिंकणारा हा मुलगा आधी दाराशीच थांबला होता. त्याने द्वारपालाला युक्तिवादाने निरुत्तर केले, म्हणून त्याची विद्या सभेला कळली. आमच्या स्वमग्न मुलाला नेमके हेच जमत नाही. त्याच्याजवळ विद्या आहे, द्वारपालाशी बोलण्याची भाषा नाही. ते बोलणे समाजाने करायचे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या वस्तीत असे एक तरी घर असेल; ते शोधा. मुलाबरोबर जिल्हा रुग्णालयात जा, तहसील कार्यालयात रांगेत उभे राहा, संगणकावर अर्ज भरताना शेजारी बसा. मात्र त्याच्या वतीने निर्णय घेऊ नका. कोणता विषय शिकायचा, ते त्याला विचारा आणि उत्तरासाठी थांबा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल. तेवढा वेळ देणे हीसुद्धा सेवाच आहे.