विम्याचं कार्ड आलं, पण घरचा खर्च कमी झाला का?



एखादं मूल आठ-दहा दिवस सलग गैरहजर राहिलं की आपण चौकशी करतो. बऱ्याच वेळा कळतं, घरात कोणीतरी आजारी आहे. आई दवाखान्यात असली की मोठी मुलगी धाकट्यांसाठी घरी थांबते. वडिलांचं ऑपरेशन झालं की उसनवारी होते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली जाते आणि ती फेडायला पुढच्या हंगामात पोरंही फडावर जातात. म्हणून मला वाटतं, आरोग्य विमा हा फक्त डॉक्टर आणि सरकार यांचा विषय नाही. तो आपल्या हजेरीपटाचाही विषय आहे.

माझं मत आधीच सांगते. गेल्या काही वर्षांत विम्याच्या योजनांमध्ये जास्त लोक आले, हे चांगलंच झालं. पण या योजना मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च उचलतात. गरीब घराचा बराच पैसा मात्र भरती होण्याआधी आणि घरी आल्यानंतर जातो. तिथे चांगला सरकारी दवाखाना आणि मोफत औषधं नसतील, तर कार्डाचा उपयोग अर्धाच.

आधी काय होतं, आता काय आहे?

२००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातील पाच जणांपर्यंत मिळून वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण होतं. आपल्या राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. तिची मर्यादा दीड लाख रुपये होती.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीतून आयुष्मान भारत, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, देशातली सुमारे १० कोटी ७४ लाख कुटुंबं. पण लाभार्थी ठरले ते २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीवरून. त्यानंतर ज्यांचं पीक बुडालं, नोकरी गेली, त्यांचं नाव यादीत कुठून येणार? आपल्याकडे रेशनकार्डाच्या आधाराने राज्याच्या योजनेने ही फट बरीचशी भरून काढली. जुलै २०२३ मध्ये राज्याने मर्यादा ५ लाख केली आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांसह सगळ्यांना योजना लागू करायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मानचा लाभ मिळू लागला.

तीस हजारांपासून पाच लाखांपर्यंत! हृदयाचं ऑपरेशन किंवा कॅन्सरचे उपचार एखाद्या मजुराच्या घरात या योजनेमुळेच होऊ शकतात. याचं श्रेय द्यायलाच हवं.

मग खर्च कमी झाला का?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. आकडा वाचून आनंद होतो. पण आपण गणित शिकवणारी माणसं. टक्केवारी दिसली की ‘कशाची?’ हे विचारायची सवय आपणच मुलांना लावतो.

समजा, आधी एकूण खर्च १०० रुपये होता आणि त्यातले ६४ खिशातले. आता एकूण खर्च २०० झाला आणि त्यातले ७८ खिशातले. टक्केवारी ६४ वरून ३९ वर आली, पण घरातून गेलेले रुपये ६४ वरून ७८ झाले! हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत. सरकारचा वाटा वाढला हे खरंच आहे. पण वाटा कमी झाला म्हणजे घरचा बोजाही तेवढाच हलका झाला, असं नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

आता एका घराचा हिशोब करू. महिन्याला १२,००० रुपये कमावणारं कुटुंब आहे. आजोबांना मधुमेह आणि बीपी. गोळ्या आणि तपासण्या मिळून महिन्याला १,२०० रुपये धरा. वर्षाचे झाले १४,४००, म्हणजे एका महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. यासाठी त्यांना भरती व्हावं लागत नाही, म्हणून ५ लाखांच्या कार्डातून या गोळ्या येत नाहीत. आयुष्मान योजनेत भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच खर्च धरला जातो. एसटीचं भाडं, बुडालेला रोज, सोबतच्या माणसाचं जेवण हे सगळं घरचंच. गोळ्या परवडत नाहीत म्हणून बंद केल्या, की काही वर्षांनी तोच माणूस किडनी किंवा हृदयाचा रुग्ण होऊन योजनेतून भरती होतो. म्हणजे स्वस्तातलं टाळून आपण महागातलं करतो.

दुसरी अडचण दवाखान्याच्या दारात येते. प्रत्येक उपचाराचा दर योजनेत ठरलेला असतो. खाजगी रुग्णालयांना तो कमी वाटला की ‘बेड शिल्लक नाही’ किंवा ‘आधी डिपॉझिट भरा’ असं ऐकावं लागतं. नियमाने उपचार कॅशलेस असूनही नातेवाईक घाबरून पैसे भरतात. २०२३ मध्ये कॅगने तर दाखवून दिलं, की एकाच मोबाईल नंबरला सुमारे साडेसात लाख लाभार्थी जोडलेले होते! अशी नोंद असेल तर खऱ्या रुग्णापर्यंत निरोप कसा पोहोचणार?

स्वतः हप्ता भरून विमा घेणाऱ्यांनाही दिलासा मिळाला आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. २०,००० च्या हप्त्यावर ३,६०० वाचले. मात्र कंपन्यांनी मूळ हप्ताच वाढवला, तर ही बचत किती टिकेल?

मग काय व्हायला हवं?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. पुढचा पैसा आधी उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवर, कायमच्या औषधांवर खर्च व्हावा, असं मला ठामपणे वाटतं. ‘मग ऑपरेशनसाठी पैसा कमी पडेल’ असं कोणी म्हणेल. पण आजार वेळेवर सापडला तर ऑपरेशनच कमी लागतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन मुलं तपासतं, तेव्हा हेच तर होतं. आजार भरतीपर्यंत जाण्याआधी सापडतो.

तोपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचं का? पुढच्या पालक सभेत पंधरा मिनिटं काढा आणि एवढं सांगा:

१. आयुष्मान कार्ड घरातल्या प्रत्येकाचं वेगळं काढावं लागतं. नवी सून, लहान बाळ यांची नावं रेशनकार्डात आहेत का, ते बघा.
२. ५ लाख रुपये माणशी नाहीत. पूर्ण कुटुंबाला मिळून वर्षाला आहेत.
३. भरती होण्याआधी रुग्णालय योजनेत आहे का, ते विचारा. तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.
४. पैसे मागितले तर पावती घ्या आणि १५५३८८ किंवा १४५५५ या नंबरवर तक्रार करा.
५. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रोजच्या गोळ्यांसाठी आधी तिथे जा.

सभेला आलेल्या बऱ्याच पालकांना सरकारी पत्रकातली भाषा समजत नाही. पण बाईंनी किंवा गुरुजींनी सांगितलेलं ते लक्षात ठेवतात. एका घराचं जरी कर्ज टळलं, तरी त्या घरातलं मूल जूनमध्ये वर्गात दिसेल.