प्रश्न शनिवारचा, उत्तर रविवारचे

शनिवारीही काम कशासाठी? ‘लार्सन अँड टुब्रो’चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांना कर्मचाऱ्यांशी संवादात हा प्रश्न आला. त्यांचे उत्तर जानेवारी २०२५मध्ये गाजले : रविवारीही काम करवून घेता येत नाही याचीच खंत वाटते, आठवड्याला ९० तास काम करा. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, अशी पुस्तीही जोडली. कारखाने कायद्याने १९४८मध्येच आठवड्याची मर्यादा ४८ तास ठरवली. गदारोळानंतर कंपनीने राष्ट्रउभारणीचा हवाला दिला. मूळ प्रश्न तसाच राहिला. कार्यसंस्कृती भिंतीवरच्या घोषवाक्यांतून नव्हे, साहेबांच्या उत्तरातून कळते. एक प्रश्न थट्टेवारी नेला की पुढचा हात वर होत नाही. त्या शांततेला वरिष्ठांनी संमती समजू नये.