विश्लेषण : घरी कोंकणी, मग शाळा इंग्रजी का? गोव्यातील ख्रिस्ती पालकांसमोरचा पेच नेमका काय?

गोव्यात सासष्टी किंवा बार्देशमधल्या अनेक ख्रिस्ती घरांत संध्याकाळी ‘तेर्स’ म्हणजे रोजरीची प्रार्थना कोंकणीत होते. चर्चमधली मिस्सा कोंकणीत, आवडीचा तियात्रही कोंकणीत. पण मुलाला पहिलीत घालायची वेळ आली की यातले अनेक पालक इंग्रजी माध्यमाची शाळा शोधतात. या एका निर्णयावरून गोव्याचं राजकारण गेली ३५ वर्षं अधूनमधून पेटत आलं आहे. पालकांना भाषेचं प्रेम नाही, असं म्हणून हा विषय संपत नाही. त्यामागे अनुदान, लिपी आणि पाचवीचा वर्ग या तीन गोष्टी आहेत.

वाद नेमका कशाचा?

गोव्यात इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळेवर बंदी नाही. वाद आहे तो सरकारी अनुदानाचा. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे फी नाममात्र राहते. अनुदान नसेल तर तोच पगार पालकांच्या फीमधून काढावा लागतो.

म्हणजे ज्याला फी परवडते, त्याची निवड कोणत्याही धोरणामुळे बदलत नाही. तो खासगी शाळेत जातो. धोरणाचा फटका बसतो तो मासेमारी करणाऱ्या, टॅक्सी चालवणाऱ्या किंवा रोजंदारीवर जगणाऱ्या घरांना. त्यांच्यासाठी गावातली चर्चची शाळा हीच परवडणारी शाळा असते आणि तिचं माध्यम सरकारच्या निर्णयावर ठरतं.

१९९० मध्ये काय घडलं?

१९८७ मध्ये गोव्याचा राजभाषा कायदा झाला. देवनागरी लिपीतली कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या सरकारी वापरालाही मुभा मिळाली. त्यानंतर १९९० मध्ये, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक शाळांचं अनुदान प्रादेशिक भाषांशी जोडलं गेलं. अनुदान हवं असेल तर पहिली ते चौथीचं माध्यम कोंकणी किंवा मराठी ठेवा, असा त्याचा अर्थ होता.

चर्चच्या शाळा तोवर इंग्रजीत चालत होत्या. गोव्याच्या धर्मप्रांताने अनुदान आणि कोंकणी यांची निवड केली. शंभरहून अधिक प्राथमिक शाळांचं माध्यम बदललं. काही पालकांनी ते मनापासून स्वीकारलं. मात्र अनेकांच्या मनात एक नाराजी राहिली. निर्णय सरकारने घेतला, शाळांनी मान्य केला, पण आपल्याला कोणी विचारलंच नाही, ही ती नाराजी.

मग कोंकणी त्यांचीच भाषा, तरी अडचण कुठे?

अडचण लिपीची आहे. गोव्यातला ख्रिस्ती समाज शतकानुशतकं कोंकणी रोमन लिपीत लिहितो. प्रार्थनापुस्तकं, गीतं, तियात्रांच्या जाहिराती, नियतकालिकं हे सगळं ‘रोमी’ कोंकणीत असतं. राजभाषा कायद्यात मात्र कोंकणीची व्याख्या देवनागरी लिपीपुरती आहे आणि शाळेची पुस्तकंही देवनागरीत आहेत.

त्यातच शाळेतल्या कोंकणीचा साचा आणि सासष्टीतल्या घरातली बोली यांतही अंतर आहे. म्हणजे कागदावर ‘मातृभाषेतून शिक्षण’ असलं, तरी मुलाला शाळेत वेगळी लिपी आणि बऱ्याच अंशी वेगळे शब्द भेटतात. ज्यांचं स्वतःचं वाचन रोमी आणि इंग्रजीत झालं, त्या आई-वडिलांना मुलाचा अभ्यास घेणं जड जातं. रोमीला राजभाषा कायद्यात समान स्थान मिळावं, ही मागणी म्हणूनच पुन्हा पुन्हा पुढे येते.

पाचवीत काय होतं?

महाराष्ट्रात मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीत शिकू शकतो. गोव्यात प्राथमिक शिक्षण कोंकणीत घेतलेल्या मुलासाठी पाचवीपासून बहुतेक शाळांमध्ये माध्यम इंग्रजी होतं. चौथीपर्यंत इंग्रजी हा एक विषय असतो. पुढच्याच वर्षी गणित, विज्ञान, इतिहास सगळं इंग्रजीत येतं.

ही उडी घरी इंग्रजी बोलणाऱ्या किंवा शिकवणी लावू शकणाऱ्या मुलाला जमते. इतरांची दमछाक होते. ‘शेवटी इंग्रजीतच शिकायचं असेल तर सुरुवातच तिथून का नको’, हा पालकांचा प्रश्न इथून येतो. त्याला स्थलांतराचीही जोड आहे. आखातातली नोकरी किंवा जहाजावरचं काम हे मार्ग अनेक ख्रिस्ती कुटुंबांत दोन-तीन पिढ्या रुळलेले आहेत आणि २०२० पर्यंत पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ब्रिटनला जाण्याचा मार्गही खुला होता. तिथे उपयोगी पडणारी भाषा कोणती, हे पालकांना कोणी सांगावं लागत नाही.

२०११ नंतर राजकारण कसं बदललं?

२०११ मध्ये ‘फोर्स’ या पालकांच्या मंचाने इंग्रजी माध्यमालाही अनुदान द्या, अशी मागणी लावून धरली. दिगंबर कामत यांच्या काँग्रेस सरकारने ती मान्य केली. त्याविरोधात कोंकणी आणि मराठी समर्थक ‘भारतीय भाषा सुरक्षा मंचा’खाली एकत्र आले. राजभाषेच्या आंदोलनात समोरासमोर उभे ठाकलेले हे दोन गट एका व्यासपीठावर येणं, हीच त्या वेळी मोठी गोष्ट होती.

२०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांचं सरकार आलं. भाजप विरोधात असताना या अनुदानाला पक्षाचा विरोध होता. सत्तेत आल्यावर सरकारने मधला मार्ग काढला. अल्पसंख्याक संस्थांच्या ज्या शाळा इंग्रजीकडे वळल्या होत्या, त्यांचं अनुदान सुरू ठेवलं आणि नव्या इंग्रजी शाळांना ते दिलं नाही. ही धुसफूस इतकी वाढली की, २०१६ मध्ये गोव्यातले राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रमुख सुभाष वेलिंगकर यांना पदावरून दूर करण्यात आलं. त्यांच्या पुढाकारातून ‘गोवा सुरक्षा मंच’ हा पक्ष उभा राहिला. २०१७ च्या निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही.

विरोधकांचं म्हणणं काय?

त्यांचे मुद्दे हलके नाहीत. लहान मूल परिचित भाषेत लवकर वाचायला शिकतं, ही भूमिका युनेस्कोने १९५३ पासून मांडली आहे. सरकारी पैसा इंग्रजीकडे वळला तर कमी पटाच्या कोंकणी आणि मराठी शाळा आणखी रिकाम्या होतील, ही भीतीही खरी आहे. शिवाय अनुदान फक्त अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांना का, हा समानतेचा प्रश्न आहे. इंग्रजीची ओढ फक्त ख्रिस्ती पालकांना आहे, असंही नाही. हिंदू आणि मुस्लीम पालकही त्याच रांगेत आहेत.

कायदा कोणाच्या बाजूने?

दोन्ही बाजूंना थोडं थोडं बळ मिळतं. शिक्षण हक्क कायदा म्हणतो की, शक्य तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत हेच सुचवतं. दुसरीकडे घटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क देतं आणि अनुदान देताना अल्पसंख्याक संस्था म्हणून भेदभाव करू नये, असंही सांगतं.

६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कर्नाटकच्या प्रकरणात निकाल दिला. प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सरकार सक्तीने लादू शकत नाही, ती निवड पालकांची आहे, असं त्यात म्हटलं. मात्र निवड पालकांची असली तरी खर्च कोणी करायचा, हा गोव्यातला खरा प्रश्न त्यातून सुटत नाही.

महाराष्ट्राने याकडे का पाहावं?

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावर महाराष्ट्रात वादळ उठलं आणि जूनअखेरीस सरकारने दोन्ही आदेश मागे घेतले. वसईतल्या मराठी ख्रिस्ती घरांतही हाच पेच दिसतो. ज्या समाजातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तिथेही मराठी की इंग्रजी माध्यम, हा प्रश्न प्रत्येक पिढी नव्याने सोडवते आहे.

मार्ग कुठे आहे?

गोव्याच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. अनुदान रोखून शाळेच्या पाटीवरचं माध्यम बदलता येतं, पालकांचं मन बदलत नाही. पाचवीची उडी सोपी केली, पहिलीपासून इंग्रजी उत्तम शिकवली आणि कोंकणीच्या वर्गात रोमी वाचणाऱ्या घरालाही जागा दिली, तर पालक मातृभाषेच्या शाळेकडे पुन्हा पाहतील. तोवर गावातल्या शाळेत अर्ज भरताना पालक भाषेचा नाही, तर आपल्या मुलाच्या पाचवीचा विचार करत राहतील.