विश्लेषण : बाळ पेटीत, रजा मात्र सुरू, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईवडिलांना कायदा काय देतो?

दरवर्षी 17 नोव्हेंबरला अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा जागतिक दिवस पाळला जातो. 2025 मध्ये त्यानंतर चारच दिवसांनी, म्हणजे 21 नोव्हेंबरला, देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रसूती रजेची तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली, पण ती जुन्या कायद्यात होती तशीच. पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी. बाळ त्या तारखेच्या खूप आधी आलं आणि आईच्या कुशीऐवजी थेट एनआयसीयूत गेलं, तर या 26 आठवड्यांचं काय होतं, हा प्रश्न नव्या संहितेनंही मोकळाच सोडला आहे.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचं म्हणतात. 2020 मध्ये भारतात अशी सुमारे 30 लाख बाळं जन्मली. जगात हा आकडा सर्वाधिक आहे.

एका बाळाची दोन वयं

28व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ घ्या. प्रसूतीसाठी 40 आठवडे धरले, तर ते 12 आठवडे आधी आलं. डॉक्टर अशा बाळाची दोन वयं मोजतात. एक जन्मतारखेपासूनचं आणि दुसरं मूळ अपेक्षित तारखेपासूनचं. मान कधी धरेल, हसेल कधी, पालथं कधी पडेल, हे दुसऱ्या वयावरून पाहिलं जातं.

कंपनीच्या एचआर विभागाकडे मात्र एकच वय असतं. प्रत्यक्षात रजा बाळंतपणाच्या दिवसापासून मोजली जाते. 26 आठवडे संपतात तेव्हा कागदावर बाळ सहा महिन्यांचं असतं, वाढीच्या हिशेबानं साडेतीन महिन्यांचंही नसतं. शिवाय त्या 26 मधले कित्येक आठवडे रुग्णालयातच गेलेले असतात. घरी सोडण्याची ठरलेली तारीख नसते. श्वास, वजन आणि तोंडानं दूध पिणं जमलं की सुट्टी, आणि ती बऱ्याचदा मूळ अपेक्षित तारखेच्या आसपासच मिळते.

यावर एक युक्तिवाद असा होतो की, बाळंतपणाआधीची रजा वापरलीच गेली नाही, म्हणजे ती नंतर मिळाली, मग नुकसान कुठे? हिशेब बरोबर आहे. पण आधीची रजा विश्रांतीसाठी असते. इथे तिच्या जागी आईच्या वाट्याला येतं ते टाके ओले असताना दर दोन-तीन तासांनी दूध काढणं आणि मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा बघत बसणं. पहिलटकरणीला तर आधीचा काही अनुभवही नसतो. पाचवी पुजायची की नाही, बारसं कधी करायचं, नातेवाईकांना काय सांगायचं, सगळंच अधांतरी. बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर त्याचं नाव नसतं, ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असतं.

कायद्यात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा उल्लेखच नाही असं नव्हे. त्यातून उद्भवलेल्या आजारपणासाठी जास्तीत जास्त एक महिन्याची वाढीव पगारी रजा मिळते. वाचायला दिलासा वाटतो. पण वाक्य नीट पाहिलं तर त्यात आजारी कोण आहे? बाई. बाळ व्हेंटिलेटरवर आहे आणि आई वैद्यकीयदृष्ट्या ठणठणीत आहे, अशा वेळी हा महिना मिळणं मालकाच्या समजूतदारपणावर येऊन ठेपतं.

आई म्हणजे उपचारच

वैद्यकशास्त्र दरम्यान बरंच पुढे गेलं आहे. बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याची ‘कांगारू मदर केअर’ ही पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, ती मुळात पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. पुढे भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेनं मोठा अभ्यास केला. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी धरलं, तर पहिल्या 28 दिवसांतलं मृत्यूंचं प्रमाण 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आलं. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला.

2022 मध्ये संघटनेनं शिफारस केली की ही काळजी दिवसाला 8 ते 24 तास द्यावी. अशा बाळांच्या आईवडिलांची विशेष गरज धरून रजा ठरवावी, असंही त्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. पहिली शिफारस दुसरीशिवाय पाळता येत नाही. आठ तास छातीशी धरायचं म्हणजे एक पूर्ण ड्युटीच झाली.

ब्रिटननं यावर स्वतंत्र कायदा केला. 6 एप्रिल 2025 पासून जन्मानंतरच्या 28 दिवसांत नवजात कक्षात दाखल झालेलं बाळ सलग सात दिवस किंवा जास्त राहिलं, तर आईला आणि वडिलांनाही नेहमीच्या रजेखेरीज 12 आठवड्यांपर्यंत रजा मिळते. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हा हक्क आहे. पगारासाठी मात्र वेगळ्या अटी आहेत.

बाबा कुठे आहेत?

पहिले काही दिवस एनआयसीयूच्या दारात उभा असतो तो बाप. आई सिझेरियननंतर खाटेवर, कधी तर बाळ दुसऱ्याच रुग्णालयात हलवलेलं. सह्या, औषधं, काढलेलं दूध पोहोचवणं, डॉक्टरांचं ऐकून आईला सांगणं आणि त्यातलं किती सांगायचं हे ठरवणंही त्याच्याकडेच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरदारासाठी देशात तसा कायदाच नाही.

ज्यांना मुळात पगारी रजाच नाही, त्यांचं काय? उसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. कामावर न गेल्यास खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत, ही मोठी गोष्ट. पण जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला मोफत जेवण साध्या प्रसूतीनंतर 3 दिवस आणि सिझेरियननंतर 7 दिवस, असा हिशेब आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे 5,000 रुपये हप्त्यांनी येतात.

आणि सुट्टी मिळाली तरी फेऱ्या संपत नाहीत. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर 30 दिवसांच्या आत तपासावा लागतो, फार लहान बाळांचा त्याहूनही आधी. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. पुढे श्रवण, वजन आणि वाढीच्या तपासण्या असतातच. त्यातल्या कित्येक तारखा आई कामावर परतल्यानंतरच्या असतात.